तरणा, म्हातारा आणि एक जुनी दुर्बीण

दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट’ असं ठळक छापलेलं असेल, तर ती पोराच्या हट्टापुढं मान टाकलेल्या बापासाठी बनवलेली आहे असं खुशाल समजावं. हिशोब साधा आहे. नळीचं नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. सोबत दिलेला सगळ्यात बारीक आयपीस (डोळ्याकडचं भिंग) ४ मिलिमीटरचा, म्हणजे झाले १७५ पट. त्यात तिप्पट करणारी बार्लो नावाची नळी घुसवली की ५२५. पण पुढचं भिंग केवढं? ६० मिलिमीटर. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जेवढा, त्याच्या साधारण दुपटीपर्यंतच मोठं करण्यात अर्थ असतो. म्हणजे १२० पट. त्याच्या पुढं गेलात की जे दिसतं ते मोठं होतं आणि दिसेनासंही होतं. खोक्यावर शनीचा जो फोटो असतो तो अंतराळयानानं काढलेला असतो, हे वेगळं सांगायला नको.

हे खोकं आमच्या घरी २००३ साली आलं. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीच्या इतक्या जवळ आला होता, की सुमारे ६० हजार वर्षांत तेवढा कधी आला नव्हता. तरी अंतर होतं ५ कोटी ५८ लाख किलोमीटर. पेपरात रोज रकानेच्या रकाने. अण्णा कामानिमित्त पुण्याला गेले होते, ते येताना दुर्बीण घेऊन आले. आता औसा तालुक्यात, ऑगस्टात, आभाळ मोकळं कुठून सापडायचं? एकदाचं सापडलं तेव्हा मंगळ दिसला तो केशरी, थरथरणारा, मसुरीच्या डाळीएवढा. अण्णा म्हणाले, “बरं आहे.” त्यानंतर काही दिवस चंद्र बघून झाला, शेजाऱ्यांना दाखवून झाला, आणि दुर्बीण माळ्यावर गेली. हाच तो मंगळ जो अजून दर ऑगस्टला ‘आज रात्री चंद्राएवढा दिसणार’ म्हणून मोबाईलवर फिरत असतो. मूळ निरोपात लिहिलं होतं की दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून बघितला तर मंगळ, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा वाटेल. लोकांनी पुढं ढकलता ढकलता त्यातले ७५ पट गळून पडले, चंद्र तेवढा शिल्लक राहिला.

दिवाळीच्या साफसफाईत माळा रिकामा करायची वेळ आली तेव्हा ते खोकं पुन्हा खाली आलं. मी लातूरला असतो, सणासुदीला गावाकडं. खोक्याचा पुठ्ठा उंदरांनी खाल्लेला, आतला थर्माकोल शाबूत. भिंगावर झाकण होतं म्हणून भिंग वाचलं. पण डोळा लावायच्या बाजूला जी काटकोनी नळी असते तिच्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधून ठेवलं होतं, अगदी गिलावा केल्यासारखं गुळगुळीत. ते काडीनं उकरून काढलं. आतला आरसा पुसायचा मोह आवरला आणि नुसती फुंकर मारायचा रबरी फुगा वापरला, कारण धूळ पुसायला गेलं की तीच धूळ काचेवर ओरखडे काढते आणि धुळीपेक्षा ओरखडा वाईट. फोकसच्या दात्यांमधलं ग्रीस वाळून खडक झालं होतं. तात्यांच्या, म्हणजे धाकट्या चुलत्यांच्या मोटरसायकलमधलं थोडं पेट्रोल चिंधीवर घेऊन ते उतरवलं, वरून आईच्या शिलाई मशीनचं तेल. ट्रायपॉड इतका लेचापेचा की शेजारून म्हैस गेली तरी तारा नाचायचा. त्याच्या मधल्या ताटलीला पिशवीत दोन विटा घालून लटकवल्या. त्यानं जो फरक पडला तो कुठल्याही महागड्या आयपीसनं पडला नसता.

खोक्यात आणखी एक वस्तू होती, आयपीसला फिरवून बसवायची काळी काच, ‘सूर्य बघण्यासाठी’. ती मी त्याच दिवशी हातोड्यानं फोडली. दुर्बिणीतून सूर्याची उष्णता नेमकी तिथंच गोळा होते, काच तडकते, आणि डोळा लावलेलाच असतो. कुणाच्या घरी असलं जुनं खोकं असेल तर आधी ती काच शोधा.

फाइंडर म्हणजे वरची छोटी नळी, तिचा नेम दिवसाच जुळवून घ्यायचा असतो. आम्ही तो गावाबाहेरच्या मोबाईल टॉवरवर जुळवला. बार्लो आणि ४ मिलिमीटरचा आयपीस परत खोक्यात. ठेवला फक्त २० मिलिमीटरचा, जो ३५ पट दाखवतो, आणि त्याच्या जोडीला मधला एक. दुर्बिणीची मजा ह्या ३५ पटींत आहे असं माझं ठाम मत आहे. आभाळाचा मोठा तुकडा येतो, वस्तू लवकर सापडते, पोरांच्या धक्क्यानं लगेच हरवत नाही.

पहिला मान चंद्राचाच. कार्तिकातली शुद्ध अष्टमी. लोकांना वाटतं चंद्र बघावा तो पौर्णिमेला, आणि नेमका तेव्हाच तो बघण्यासारखा नसतो, कारण ऊन समोरून पडतं आणि सावल्या नाहीशा होतात. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधाराची जी सीमा असते तिथं डोंगरांच्या सावल्या लांब पडतात, विवरांचे काठ उठून दिसतात. आईला स्टुलावर बसवलं. तिनं चष्मा काढून पदरानं डोळा पुसला, दुसरा डोळा तळहातानं झाकला, आणि नळीला हात न लावता वाकली. हे ‘हात न लावता’ कुणी न सांगता तिला कळलं. उतू जाणाऱ्या दुधावर आयुष्यभर नजर ठेवलेल्या बाईला कळणारच. बराच वेळ काही बोलली नाही. मग एकदम,

“आरं, पळूलालाय की ह्यो!”

चंद्र नळीच्या तोंडातून हळूहळू बाजूला सरकत होता. मी म्हणालो, “चंद्र नाही पळत आई, आपलं अंगण पळतंय.” पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे चंद्राच्या रुंदीएवढं आभाळ साधारण दोन मिनिटांत सरकतं. हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण ती गती डोळ्यासमोर, एका गोल चौकटीच्या काठाला घासत जाताना बघणं वेगळंच. आईला माझं म्हणणं फारसं पटलं नाही. “मग आपल्याला कळंना कसं?” असं विचारून ती पुन्हा वाकली. प्रश्न अवघड होता. मी दुर्बीण सरळ करून दिली.

चंद्रावरचे काळे डाग म्हणजे कधी काळी लाव्हा वाहून थिजलेला बेसॉल्ट. आपल्या पायाखालचा, विहीर खोदताना सुरुंग लावावा लागतो तो काळा पाषाणही बेसॉल्टच. इकडं पावसानं आणि उन्हानं तो झिजवून त्याची काळी माती केली, तिच्यात तूर-सोयाबीन पिकतं. तिकडं पाणी नाही, वारा नाही, त्यामुळं लाव्हा जसा थिजला तसाच पडून. शाळेच्या सहलीत आम्ही लोणारला गेलो होतो, तिथल्या विवराचा व्यास १.८ किलोमीटरच्या आसपास, आणि ते उतरून वर येताना सगळ्या वर्गाची दमछाक झाली होती. चंद्रावरचं कोपर्निकस विवर ९३ किलोमीटरचं आहे. ते ह्या दुर्बिणीत स्पष्ट दिसतं, आतल्या डोंगरासकट. लोणार मात्र चंद्रावर असतं तर माझ्या साठ मिलिमीटरला दिसलंच नसतं.

पण चंद्र हा सोपा पेपर. खरी मजा सुरू झाली ती चंद्र मावळल्यावर, आणि ती सुरू केली तात्यांनी.

आमच्याकडं नक्षत्रं तोंडात असतात. मृग निघाला का, आर्द्रा कोरड्या गेल्या, तरणा बरा झाला पण म्हाताऱ्यानं दगा दिला, आता हस्तावर भिस्त. पंचांगात कुठल्या नक्षत्राचं वाहन काय, बेडूक की गाढव, ह्यावर पारावर तासन्‌तास चर्चा. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा, हे दुसरीतलं पोरगंही सांगेल. आणि ह्यातलं एकही नक्षत्र आभाळात कुठं असतं हे विचारलं तर सगळे पेरणीच्या गप्पांकडं वळतात. ह्यात कुणाचा दोष नाही. पावसाची नक्षत्रं दिसत नाहीत कारण दिसायची सोयच नसते. ७-८ जूनला मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो. मृग त्या दिवसांत सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो. ज्याची आपण वर्षभर वाट बघतो तो नेमका त्या वेळी उन्हामागं असतो. तो रात्रीचा भेटतो सहा महिन्यांनी, ज्वारी पोटऱ्यात आल्यावर, जेव्हा पावसाची कुणाला आठवणही नसते.

तात्या आले ते टॉर्च घेऊन, शेतात निघाले होते. त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. उभ्याउभ्या विचारलं, “काय बघूलालास रे एवढं?” मी म्हणालो, मृग. ते म्हणाले, “मृग आता कुठला?” मी हात करून दाखवला. चार कोपऱ्यांचे चार तारे, मध्ये ओळीत तीन. तात्या हसले. “ते होय. ते तिकांडं.” मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्या नकाशात मी वाचलेलं नव्हतं. जानेवारीत तिकांडं मावळायला टेकलं की चार वाजलेले असतात, म्हणजे लाईट जायला थोडाच वेळ राहिला, शेवटच्या सऱ्यांना दारं फोडायची. पहाटेच्या अंधारात मोटरीजवळ उभा राहून माणूस काय बघणार? आभाळच बघणार. तात्यांना मृग वर्षानुवर्षं ठाऊक होता. जूनमधला मृग आणि जानेवारीतलं तिकांडं एकच, एवढीच गाठ बसायची राहिली होती.

त्या तीन ताऱ्यांखाली लटकल्यासारखी एक बारीक ओळ आहे. तिच्या मध्यावर ३५ पटींची दुर्बीण लावली की एक राखाडी धुरकट पट्टा दिसतो, आणि त्याच्या आत अगदी जवळ जवळ बसलेले तीन-चार बारीक तारे. तारे जन्माला येतात ती ही जागा. फोटोत ती गुलाबी-जांभळी दिसते, डोळ्याला नाही दिसत, कारण अंधारात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. पोरं थोडी हिरमुसली. पुतणी मोबाईलवर फोटो काढून बघत होती, तोच खरा असं तिचं म्हणणं. मी तिला एवढंच सांगितलं की हा उजेड निघाला त्याला सुमारे १३०० वर्षं झाली, तेव्हा वेरूळचं कैलास लेणं कोरायला सुरुवातही झाली नव्हती, आणि इतक्या लांबून आलेला तो इथं आपल्या अंगणात संपतोय, तुझ्या डोळ्यात. तिनं मोबाईल खाली ठेवला. थोड्या वेळानं परत उचलला, पण ठेवला होता एवढं खरं.

तिकांडं मला पहिल्यांदा आजीनं दाखवलं होतं. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी आमच्याच तालुक्यात. आमच्या गावात भिंती पडल्या, माणसं राहिली. तिकडं गावंच्या गावं गेली, दहा हजारांच्या आसपास माणसं. त्यानंतर कितीतरी महिने आमच्याकडं कुणी छपराखाली झोपलं नाही. माळवदाची घरं, डोक्यावर मातीचं ओझं, कुणाची हिंमत होती? शेतात, खळ्यावर, रस्त्याकडेला बाजा टाकून सगळं गाव उघड्यावर. आजी रोज साडेतीनला उठून बसायची आणि ती वेळ टळेपर्यंत आडवी व्हायची नाही. मी सात वर्षांचा, तिच्या घोंगडीत. ती बोट करून सांगायची: ते माथ्यावर तिकांडं. तिकडं उत्तरंला, खाली, म्हातारीची बाज. तिच्या मागं तीन चोर आहेत पण अजून वर आले नाहीत, थांब. ऑक्टोबरात त्या वेळी सप्तर्षींचे पुढचे चार तारेच क्षितिजावर आलेले असतात, शेपटीकडचे मागाहून येतात, हे मला आता तारांगणाचं अ‍ॅप सांगतं. आजीला चोर यायच्या वेळेची नक्की खात्री होती. माझ्या वयाच्या ह्या भागातल्या पुष्कळांना आभाळ ओळखीचं झालं ते असं, भीतीनं. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. घरं पुढं पत्र्याची झाली, मग स्लॅबची, आणि आभाळ पुन्हा बाहेर राहिलं.

यंदा गुरू पुनर्वसूजवळ होता. जानेवारीत तो सूर्याच्या बरोबर समोर आला, दिवस मावळला की पूर्वेला उगवायचा, रात्रभर मुक्काम. तात्यांनी तो कधीचाच हेरला होता, “ह्यो एवढा दिवा कुणी लावला?” असं त्यांचं चाललं होतं. दुर्बिणीत गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत चार ठिपके. आयो, युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत बघितले तेच. पोरांना काम दिलं: दुधाच्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर मध्ये गोल काढायचा आणि ठिपके दिसतील तसे मांडायचे, जेवणाआधी एकदा, झोपायच्या आधी एकदा. आयोची एक फेरी ४२ तासांच्या थोडी वर असते, त्यामुळं दोन चित्रांत तो सरकलेला सापडतो. पोरांनी आधी एकमेकांवर चुकीचं मांडल्याचा आळ घेतला, भांडणं झाली, मग लक्षात आलं. वहीत आता डाव्या बाजूला ‘सकाळ ३ लि., संध्याकाळ २ लि.’ आणि उजव्या बाजूला गुरूचे चंद्र.

शनीनं मात्र यंदा पोरांची निराशा केली. मार्च २०२५ मध्ये त्याचं कडं आपल्याला बरोबर कडेनं दिसत होतं, आणि हिवाळ्यातही ते जेमतेम एक रेघ होतं. साधारण पंधरा वर्षांनी असं होतं. १६१२ मध्ये गॅलिलिओपुढून ते असंच नाहीसं झालं होतं, आणि ते कडं आहे हेच माहीत नसल्यामुळं तो चक्रावून गेला होता. आता ते वर्षागणिक उघडत जाईल. धीर धरायला हवा.

उजेडाचं काय करायचं, हा प्रश्न आहेच. ग्रामपंचायतीनं पारापुढं हायमास्ट लावलाय, मंदिरावर पांढरा एलईडी. साखर कारखान्याकडची क्षितिजाची बाजू गाळपाच्या दिवसांत उजळलेली, वर पाचट जाळल्याचा धूर. आम्ही गोठ्याच्या मागं, सावलीत दुर्बीण लावतो आणि डोक्यावर चादर ओढून घेतो. पाऊस कमी पडतो ह्या भागाचा एवढाच एक फायदा मला आजवर सापडलाय: दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत रात्रीमागून रात्री कोरड्या आणि निरभ्र. मुंबईच्या मित्राला ह्याचा हेवा वाटतो. त्याला म्हटलं, बदल्यात धरण दे.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्या अक्षांशावरची. ध्रुव उत्तरेला जेवढ्या उंचीवर दिसतो, तेवढा त्या गावाचा अक्षांश. लातूरला साधारण १८.४ अंश. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते, म्हणजे ध्रुव पावणेदोन मुठी वर. आता फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडं तोंड करा. व्याधाखाली एक ठळक तारा आहे, अगस्त्य. तोही पावणेदोन मुठींच्या थोडा वर. ध्रुव जेवढा तिकडं, जवळजवळ तेवढाच अगस्त्य इकडं. काश्मिरातून ध्रुव चांगला उंच दिसतो आणि अगस्त्य क्षितिजाच्या वर जेमतेम येतो किंवा येतच नाही. कन्याकुमारीला अगस्त्य उंच आणि ध्रुव जमिनीला टेकलेला. दोघांना सारखा मान देणारी गावं लातूरच्या आडव्या पट्ट्यातली. ही गोष्ट दाखवायला दुर्बीणही लागत नाही, फक्त दोन मुठी. गल्लीतले सगळे म्हातारे त्या रात्री अंगणात उभं राहून आभाळाला मुठी दाखवत होते. रस्त्यानं जाणाऱ्याला मोर्चा वाटला असता.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे, २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली, तिचे दोन हात चार-चार किलोमीटरचे. पुतणीला त्याचं फार आहे. अकरावीला आहे, आणि तिला आता ही दुर्बीण लहान वाटायला लागली आहे. मोठ्या आरशाची हवी म्हणते. घ्यायलाही हरकत नाही, पण माझं म्हणणं असं की जी दुर्बीण एका हातानं उचलून अंगणात आणता येते तीच रोज बाहेर येते, आणि साठ मिलिमीटरमध्ये बघण्यासारखं संपलेलं नाही. पुष्य घ्या. नुसत्या डोळ्यांना तिथं फिकट डाग दिसतो, दिसला तर. ३५ पटींत तो फुटतो आणि तारेच तारे, सगळी चौकट भरून. ज्याच्या पावसाला आपण म्हातारा म्हणतो त्या नक्षत्राच्या पोटात एवढी गर्दी असेल असं कुणाला वाटलं असतं?

तर मी पुतणीला अट घातली: आधी पुष्यातले तारे मोज, माझ्याइतके भरले तर नव्या दुर्बिणीचं बघू. तिचे जास्त भरले. मी म्हटलं, काही दोनदा मोजलेस. तिनं वहीत एकेक ठिपका मांडलेलं पान पुढं केलं आणि तात्यांना पंच नेमलं. तात्यांनी चष्मा लावला, पान टॉर्चखाली धरलं, एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि विचारलं, “मोठी दुर्बीण घेतली तर ही जुनी शेतातल्या आखाड्यावर ठेवायची का? रात्रीच्या लाईटीला कामाला येईल.”